आज न्यायचं की उद्या चालेल?

माझ्या टेबलापुढच्या खुर्चीत बसलेला माणूस आधी फी विचारायचा आणि लगेच पगार. मला त्याचा कधी राग आला नाही. पोटच्या पोरीचं एक वर्ष आणि घरातली शिल्लक जिथे लावायची, तिथे माणूस भाव विचारणारच. राग यायचा तो आमच्या धंद्यातल्या काही लोकांचा, जे या दोन साध्या प्रश्नांची बेधडक खोटी उत्तरं देतात.

मी मूळची सिस्टर. नगरला मिशनच्या दवाखान्यात शिकले, तिथेच नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झाले. (आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण आमच्या पिढीच्या तोंडातून 'नगर' जायला वेळ लागेल.) रिटायर झाल्यावर मी घरी बसून नाताळची करंजी आणि बाकीच्या वर्षाची लोणची घालीन अशी घरच्यांची समजूत होती. महिन्याभरात सून हात जोडून म्हणाली, "आई, तुम्ही घरात असलात की आम्हाला सगळ्यांना ॲडमिट झाल्यासारखं वाटतं. कुठेतरी काम बघा." त्याच सुमारास शहरातल्या एका डॉक्टरांनी आपल्या हॉस्पिटलला जोडून मेडिकल असिस्टंटचा वर्षभराचा सर्टिफिकेट कोर्स काढला होता. त्यांना शिकवायला कोणीतरी हवं होतं आणि मला घराबाहेर पडायचं होतं. शिकवता शिकवता ॲडमिशनचं टेबलही माझ्याच गळ्यात आलं.

मेडिकल असिस्टंट म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. तुम्ही दवाखान्यात गेलात की नाव लिहून घेणारी, वजन, ताप, बीपी बघणारी, ड्रेसिंगचं ताट मांडून ठेवणारी, ईसीजीच्या वायरी लावणारी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी सांगितलेलं इंजेक्शन देणारी, आणि भोकाड पसरलेल्या पोराला पंख्याकडे बघायला लावणारी जी मुलगी असते, ती. ती नर्स नव्हे. नर्सचं शिक्षण मोठं, तिची सरकारी नोंदणी वेगळी आणि पगारही वेगळा. हे मी ॲडमिशनच्या आधी सांगायची, आणि दोनदा सांगायची, कारण पहिल्यांदा सांगितलेलं लोक ऐकत नाहीत.

या कामातली अवघड गोष्ट सुई टोचणं नव्हे. मोसंबीवर सराव केला की ते बहुतेकांना जमतं. अवघड असतं ते नंबर मोडणं. ओपीडीबाहेरचे बाक भरलेले, सगळ्यांनाच घाई. त्यातल्या कोणाला रांग मोडून आत घ्यायचं? मोठ्याने कण्हणाऱ्याला घ्यावंसं वाटतं आणि खरा आजारी माणूस कोपऱ्यात गप्प बसलेला असतो. मी मुलींना सांगायची, माणूस दारापासून खुर्चीपर्यंत कसा येतो ते बघा. बोलताना वाक्य पुरं होतं, की मध्येच दम घ्यावा लागतो? उकडत नसताना घाम का आलाय? ओठ बघा, नखं बघा, लहान पोर श्वास घेताना बरगड्या आत ओढतंय का ते बघा. मग मनगट हातात घ्या आणि नाडी पुरा मिनिटभर मोजा, पाव मिनिट मोजून चारने गुणू नका. एवढ्याशा खुणांमधून शरीर आपलं आतलं सगळं सांगून टाकतं, याचं मला आयुष्यभर नवल वाटत आलंय. आजही एखाद्याचं मनगट हातात घेतलं की मी मनातल्या मनात गप्प होते.

तर फी आणि पगार. वर्गात फळा होता. पालक आले की त्यावर मधोमध रेघ ओढून मी एकीकडे 'जाणार' आणि दुसरीकडे 'येणार' असं लिहायची. जाणार म्हणजे फक्त फी नाही. युनिफॉर्म, पुस्तकं, खोली, मेस, एसटीचा पास. आणि मुलगी आधी कुठे कामाला जात असेल तर तो बुडालेला वर्षाचा पगार. हा शेवटचा आकडा कोणी धरतच नाही आणि बऱ्याचदा तोच सगळ्यात मोठा असतो. येणार या बाजूला मी छोट्या हॉस्पिटलातला सुरुवातीचा खरा पगार लिहायची. तो बघून लोकांचे चेहरे उतरायचे. दोन-तीन वर्षं टिकली, ईसीजी, ऑपरेशन थिएटर, लॅबचं थोडंफार काम हातात बसलं, की पगार चढतो. पण ती दोन-तीन वर्षं काढायची तयारी लागते. नंतर मी त्यांना एक सकाळ ओपीडीत बाकावर बसवायची. काम बघा, वास घ्या, मग पैसे भरा.

डॉक्टर कपाळाला हात लावायचे. "सिस्टर, तुम्ही ॲडमिशन घेता की घालवता?"

"दोन्ही करते," मी म्हणायची. "घालवलेल्यांचा पगार वेगळा द्या."

माणूस मात्र चांगला. कुरकुर करायचा, पण फळा कधी पुसायला लावला नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. बेलापूरचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. स्थळ चालून आलं होतं आणि मुलाकडच्यांना नर्स मुलगी हवी होती. "वर्षात होऊन जाईल ना नर्स?" त्यांनी विचारलं. मी नर्स आणि असिस्टंटमधला फरक सांगितला, दोनदा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पत्रिकेत नुसतं 'मेडिकल' छापतो. खोटं तर नाही ना?" मुलगी मागे उभी राहून ओढणीआड हसत होती. दुसरा एक तरुण आला तो थेट म्हणाला, "मॅडम, क्लासला यायला येळ न्हाई. फी डबल घ्या, सर्टिफिकेट द्या. गावात क्लिनिक टाकायचंय." त्याला मी दाराबाहेर कसं काढलं ते इथे छापण्यासारखं नाही.

आणि नसीम. चाळिशीला आलेली, टेलरची बायको, स्वतः ब्लाऊज शिवून घरखर्चाला हातभार लावणारी. फळा बघून ती म्हणाली होती, "सिस्टर, यापेक्षा तर मी बसल्या जागी जास्त कमवते." "मग कशाला येतेस?" मी विचारलं. "डोळे जाणार हो मशीनवर. हात राहतील ना." ती आली, शिकली आणि आमच्याच ओपीडीत सीनियर असिस्टंट झाली. ड्रेसिंगची पट्टी ती इतकी सरळ कापायची की डॉक्टर पेशंटला दाखवायचे.

पण मला सांगायचंय ते मनीषाबद्दल.

मनीषा एका सुट्टीच्या दिवशी सुप्याहून एकटीच आली. बावीस-तेवीसची, काटक, बोलायला कमी. अकोले तालुक्यात राजूरच्या पुढे डोंगरात तिची वाडी. बारावी करून ती सुप्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला लागली होती, चौघी मुली मिळून खोली करून राहायच्या. मी विचारलं, हा कोर्स कशाला हवाय?

"आमच्या लाईनवरच्या एका पोरीचा तळवा मशीनीत कापला," ती म्हणाली. "लई रगत. मी माझी वढनी घट दाबून धरली आन् टेम्पोत नगरपातुर तशीच धरून बसले. बाकीच्या पोरी वरडत हुत्या, डायवर घाबरला हुता. पन सिस्टर, माझा हात जराबी हालला न्हाई. मला लई नवल वाटलं त्याचं. आपल्यात आसं काय हाय, आपल्यालाच म्हाईत न्हाई."

मला ती तेव्हाच आवडली. आणि आवडली म्हणूनच फळ्यासमोर जास्त कडकपणे उभं केलं. सुप्याचा पगार वर्षभर बुडणार, फी जाणार, राहण्याजेवणाचा खर्च वर. आणि कोर्स संपल्यावर पहिली नोकरी लागेल ती सुप्यापेक्षा कमी पगाराची. गेलेले पैसे भरून निघायलाच कित्येक वर्षं लागतील. मी सरळ सांगितलं, "पैशाच्या हिशेबाने विचारशील तर नको करूस." तिने फळा नीट वाचला, मान हलवली. "आत्याला इचारते," म्हणाली आणि गेली. विषय संपला असं मी धरून चालले.

विषय संपला नव्हता. काही आठवड्यांनी सकाळी ओपीडी भरलेली असताना डोंगरातली सात-आठ माणसं आमच्या दारात उभी राहिली. पुढे मनीषाचे वडील देवराम, डोक्याला टोपी, खांद्यावर तांदळाचं पोतं. मागे वाडीतली माणसं, सगळ्यात शेवटी मनीषा. आणि या सगळ्यांना हाताने बाजूला करत आत आली ती तिची आत्या, चिमाबाई. वाळकी, उंच, कपाळावर ठसठशीत गोंदण. आत आल्या आल्या तिने कमरेची पिशवी सोडून टेबलावर ठेवली.

"ही पोरीची फी," ती म्हणाली. "मोजून घ्या."

पैसे एका घरचे नव्हते. सगळ्या वाडीने काढलेले होते. कोणी हिरडा विकलेला, कोणी बकरी. ज्याच्याकडे रोकड नव्हती त्याने पोत्यात तांदूळ ओतलेला. मी आ वासून बघत राहिले. देवराम मोठ्या उत्साहाने मला त्यांचा हिशेब सांगायला लागले. वाडीपासून राजूरपर्यंत माणूस न्यायचा तर आधी झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत, मग जीपवाला सांगेल ते भाडं. ताप असो, जुलाब असो, जाणं आलंच. मनीषा एकदा शिकून आली की वाडीतच सलाईन लावील, सुई देईल. जीपचं भाडं वाचलं तरी फी कधीच वसूल.

"आमची डाक्टरीनबाई घरचीच हुईल," देवराम म्हणाले आणि सगळी माणसं हसून मनीषाकडे बघायला लागली.

नसीमच्या हातातलं बीपीचं मशीन तसंच राहिलं. तिने माझ्याकडे बघितलं. केबिनचं दार उघडं होतं आणि डॉक्टरही ऐकत होते, ते मला दिसत होतं. मी नुसतं गप्प बसले असते तरी काम झालं असतं. मनीषाला तिचं वर्ष मिळालं असतं. पण वर्षानंतर तीच मनीषा वाडीत एकटी सलाईनची सुई हातात घेऊन उभी राहिली असती आणि सगळी माणसं विश्वासाने दंड पुढे करून बसली असती. मी पाणी प्यायले आणि सांगून टाकलं. हा कोर्स केला म्हणजे डॉक्टर होत नाही, नर्ससुद्धा होत नाही. डॉक्टर नसताना तिने कोणालाही सुई द्यायची नाही, सलाईन लावायची नाही. काही बरंवाईट झालं तर माणूस जिवानिशी जाईल आणि मनीषा तुरुंगात.

"म्हंजी सुई बी न्हाई?" कोणीतरी मागून विचारलं.

"सुईसुद्धा नाही."

देवरामांनी टेबलावरची पिशवी हळूच उचलली. रागाने नव्हे. चुकून दुसऱ्याच्या घरी गेलेला माणूस मागे फिरतो तसे ते फिरले. मनीषा दाराच्या चौकटीला टेकली होती. तिने वर बघितलं नाही. मला तिच्याकडे बघवेना.

"थांब रं देवराम," चिमाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बाई, सुई न्हाई, सलाईन न्हाई, समजलं. मंग डाक्टर जवळ नसला तर हिला काय येईल, त्ये सांगा."

मी विचार करून उत्तर दिलं. "बघता येईल. मोजता येईल. आणि सांगता येईल, की या माणसाला आजच्या आज खाली न्यायला पाहिजे, आणि त्याला उद्यापर्यंत थांबवलं तरी चालेल."

म्हातारी खुर्चीत बसली. तोवर उभीच होती.

"आमाला त्येवढंच तर कळत न्हाई," ती म्हणाली.

तिने जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. "माझ्या नातीला ताप आल्ता. डोळं फिरवती आसं वाटलं. पावसात झोळी करून न्हेली, जीप केली. डाक्टरांनी बाटली दिली गोड औषदाची आन् म्हनले, जा घरी. बकरी इकलेली त्या जीपला. समदी म्हनाली, चिमाबाई उगंच घाबरती. मंग आठ-पंधरा दिसांनी मालकांच्या छातीत दुखाया लागलं. मी म्हनले, न्हेऊ. मालकच म्हनले, नगं, मागल्यावानी पैसं वाया जातील. सकाळच्याला बघू. मी बी म्हनले, बघू. सकाळ झाली न्हाई त्यांची."

मी नोकरीत मरण पुष्कळ पाहिलंय. पण एक खेप फुकट गेली म्हणून दुसरी खेप टाळली, आणि ती टाळताना घरातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी एकमेकांना समजूतदारपणे 'बघू' म्हटलं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्या शहरातल्या दवाखान्यांमध्ये ही गोष्ट कोणाला सुचणारही नाही.

"ठेव रं पैसं परत टेबलावर," चिमाबाई भावाला म्हणाल्या.

मला राहवलं नाही. वाडीच्या बाजूने बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "आत्या, एक लिहून घ्या मनीषाकडून. शिकून झालं की ती तुमच्याकडेच येईल, नगरला राहणार नाही. पैसे तुमचे आहेत."

म्हातारी फटकन म्हणाली, "पोरगी काय गहान ठेवायचीय व्हय? शिकंल, मंग तिला वाटंल तिथं जाईल. न्हाई आली तर जिथं जाईल तिथली मानसं बी मानसंच हायेत."

केबिनच्या दारात डॉक्टर येऊन उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. फी हप्त्याहप्त्याने घ्या म्हणाले, आणि मग हळूच माझ्या कानाशी, "सिस्टर, आज तुम्ही घालवायचा एवढा प्रयत्न केलात, जमलं नाही." त्या दिवशी मीही हसले.

मनीषा नसीमच्या घरी राहायला गेली, म्हणजे खोलीचा खर्च वाचला. नसीमच्या सासूची नाडी ती रोज बघायची. म्हातारी शेजारणींना सांगायची, "हमारी डाक्टरनी अभी सो रही है, बाद में आना." वर्गात मनीषा हुशार म्हणावी अशी नव्हती. इंग्रजी शब्द तिला छळायचे, औषधांची नावं भिंतीला चिकटवून पाठ करायची. पण बाकावर बसलेल्या माणसांकडे बघायला लागली की मी शिकवायचं सोडून तिच्याकडेच बघत राहायची. एकदा तिने एका गप्प बसलेल्या ऊसतोड कामगाराला सगळ्यांच्या आधी आत घेतलं. रांगेत एक पुढारी होते. त्यांनी आकाशपाताळ एक केलं. मनीषा त्यांना म्हणाली, "सायेब, तुमी येवढं वरडताय म्हंजी तुमचा दम चांगला हाय. बसा." त्या कामगाराला डॉक्टरांनी तसंच स्ट्रेचरवर घालून मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तो वाचला. पुढाऱ्यांना सर्दी झाली होती.

वर्ष संपलं. आमच्या डॉक्टरांनी तिला नोकरी देऊ केली, नगरच्या आणखी एका हॉस्पिटलातूनही विचारणा झाली. दोन्हीकडचा पगार राजूरमध्ये मिळेल त्यापेक्षा जास्त होता. ती मात्र राजूरच्याच एका डॉक्टरांकडे लागली. पगार सुप्यापेक्षा कमीच. मी विचारलं, "वाडीच्या पैशांसाठी गेलीस का?" तेव्हा तिने दिलेलं उत्तर माझ्या लक्षात आहे. "आत्यानी आट घातली आसती तर कदाचित गेले नसते."

कामावरून सुटली की ती वाडीवर जायची. बीपी, साखर बघायची, बाळंतिणींवर लक्ष ठेवायची, आणि विचारायला आलेल्याला दोनपैकी एक उत्तर द्यायची. आज. किंवा उद्या चालेल. सुई तिने कोणालाही दिली नाही. मागायला यायचे, रुसायचे, "मंग शिकलीस काय?" म्हणायचे. ती मला फोनवर सगळं सांगायची आणि मी ऐकून थक्क व्हायची. आपण फळ्यावर लिहिलेल्या चार गोष्टी कुठल्या डोंगरात जाऊन चालताबोलता माणूस होऊन बसल्यात, असं वाटायचं.

मग गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला आणि ती रडतच होती.

आवणीचे दिवस, म्हणजे भाताची रोपं उपटून खाचरात लावायची घाई. त्या कामाला दिवस वाया घालवता येत नाही. उपटलेलं रोप वाट बघत नाही. दुपारी मनीषाच्या चुलत्याच्या छातीत दाबल्यासारखं झालं, जबडा दुखायला लागला, उलटी झाली, भर पावसात अंगाला घाम. मनीषा त्या दिवशी घरीच होती. तिने नाडी बघितली, चेहरा बघितला आणि म्हणाली, "आज. आत्ता." सगळी वाडी आवणी सोडून धावली. झोळी, जीप, राजूर. तिथून संगमनेर. ईसीजी झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या, परत झाल्या. दोन दिवस ठेवून घेतलं. काही निघालं नाही. हृदय ठणठणीत. पित्त आणि ओझं उचलून धरलेली पाठ, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"सिस्टर, जीप गेली, दवाखाना गेला, आवनी मोडली, रोपं वाळली," ती हुंदके देत होती. "माझं चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "मीसुद्धा आत्ताच न्या म्हटलं असतं. कुठल्याही डॉक्टरने म्हटलं असतं."

"त्ये मला कळतंय वो. पन वाडीला कसं कळंल? पुढच्या टायमाला कोनाला न्या म्हनले आन् त्यांनी न्हाई न्हेलं तर?"

फोन ठेवला आणि मला दिवसभर काही सुचेना. ती ज्याला घाबरत होती, ते त्या वाडीत एकदा घडून गेलं होतं. फी वसूल होण्या-न होण्याची गोष्ट आता राहिलीच नव्हती. तिच्या एका शब्दावर माणसं उठून चालतात, एवढीच तिची कमाई होती, आणि ती गेली तर सगळंच गेलं.

पावसाने उघडीप दिल्यावर मी एसटीने राजूरला गेले, तिथून डांबरी रस्ता संपेपर्यंत जीपने आणि पुढे पायी वर. या वयात तो चढ मला झेपला, याचं श्रेय मी माझ्या गुडघ्यांना देते. रस्ताभर मनात भाषण तयार करत होते. छातीतलं दुखणं नुसतं बघून शंभर टक्के कोणालाच ओळखता येत नाही, संशय आला तरी न्यायचंच असतं, काही निघालं नाही म्हणजे नेणं चुकलं असं होत नाही. सोप्या शब्दांत, दोनदा सांगायचं ठरवलं होतं.

वाडीने मला ओट्यावर बसवलं, चहा दिला. सगळी माणसं जमली. मनीषा खांबाआड उभी होती, अंगाने उतरलेली. मी कप खाली ठेवला आणि सुरुवात केली, "आत्या, त्या दिवशी मनीषाने जे केलं ना…"

"बाई, च्या घ्या आधी," चिमाबाई म्हणाल्या. "मला म्हाईत हाय तुमी कशाला आल्या. ही पोरगी जेवत न्हाई धड. जीप गेली, व्हय गेली. आवनी बी मोडली. माझा मालक ऱ्हायला घरात, तवा जीप वाचली हुती. दोन्ही मी बघितल्यात." तिने अंगणाकडे हात केला. तिथे मनीषाचा चुलता उकिडवा बसून दोरी वळत होता आणि आपल्याबद्दल बोलताहेत म्हणून ओशाळून हसत होता. "मानूस गेला आन् मानूस आला. कंचं परवडलं, त्ये मला कोनी शिकवाया नगं."

मग ती खांबाकडे वळली. आवाज चढवला नाही.

"मने, हिकडं बघ. परत न्या म्हन, परत न्हेऊ. धा डाव म्हनलीस तर धा डाव न्हेऊ. कोन म्हनतंय न्हाई?"

जमलेल्यांपैकी कोणी 'नाही' म्हटलं नाही. एक म्हातारा नुसता "व्हय व्हय" म्हणाला, आणि चुलता दोरी वळता वळता म्हणाला, "मला तर जीपमदी बसायला आवाडलं." सगळे हसले. मनीषा हसली नाही. ती खांबाआडून आली, आत्याच्या पायाशी बसली आणि तोंड झाकून मोठ्याने रडली.

मी माझं भाषण तसंच पोटात ठेवलं. एवढी वर्षं सिस्टर म्हणून काढली, डॉक्टरांची शाबासकी मिळाली, पेशंटांचे आशीर्वाद मिळाले. पण दहा वेळा चुकलीस तरी अकराव्या वेळी तुझं ऐकून उठू, असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही. त्या ओट्यावर एका मेडिकल असिस्टंटला ते मिळालं, आणि मी समोर बसून थंड झालेला चहा पीत ते बघितलं.